बॅटरीचा रोजा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझ्या फोटो स्टुडिओला लागूनच सुलतानबीचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. त्यामुळे माझ्या तरुणपणाची सगळी वर्षं ॲसिडच्या वासात गेली. एखादी मुलगी स्थळाला पाठवायचा फोटो काढून घ्यायला यायची, मी म्हणायचो, "जरा हसा," आणि ती नाकाला पदर लावायची. पेठेतल्या निम्म्या मुलींच्या फोटोत नाक मुरडलेलं दिसतं त्याला जबाबदार सुलतानबी. लग्नं मात्र सगळ्यांची झाली, म्हणून मी कधी भांडलो नाही. भांडून उपयोगही नव्हता. तिच्या आवाजापुढं ट्रकचा हॉर्न नरम वाटायचा.

बाईमाणूस बॅटऱ्यांच्या धंद्यात कशी, असं बाहेरगावचे लोक विचारायचे. पेठेत कुणाला हा प्रश्न पडत नसे. दुकान तिच्या वडिलांचं, लालासाबांचं. बावन्न-त्रेपन्नच्या सुमाराला कितीतरी खेड्यांत वीज नव्हती, पण ग्रामपंचायतीचा रेडिओ होता आणि तो बॅटरीवर चालायचा. त्या बॅटऱ्या एसटीच्या टपावरून लालासाबांकडे यायच्या आणि भरून परत जायच्या. सुलतानबी वडिलांचा डबा घेऊन दुकानात यायची, ती तिथंच रमायची. बॅटरीची बुचं काढून आत डोकावणं, पिचकारीसारख्या काचेच्या नळीत ॲसिड ओढून आतला तरंगता काटा किती वर येतो ते बघणं, हे तिला भातुकलीपेक्षा आवडायचं. लालासाब थकले तेव्हा दुकान कुणी चालवायचं यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. ती आधीपासूनच चालवत होती.

नवरा मौला बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "बोटांना ॲसिड लागलं तर मी वाजवू कशानं?" आणि या एका वाक्यावर त्यानं सगळं आयुष्य काढलं. दुकानात यायचा, खुर्चीवर बसायचा, बोटं जपून चहा प्यायचा. सुलतानबीला त्याचा राग नव्हता. ती म्हणायची, "त्येला ऱ्हाऊ दे. त्यो फुकतोय तवर पेठंत लग्नं तरी गाजत्यात."

सुती कापडाला ॲसिड लागलं की धुतल्यावर तिथं भोक पडतं. म्हणून सुलतानबी कमरेला घोंगडीचा तुकडा बांधायची, कारण लोकरीला ॲसिड फारसं खात नाही. उन्हाळ्यात घोंगडी गुंडाळलेली ही बाई ट्रकची बॅटरी कडेवर घेऊन फळीवर चढवते आहे, हे दृश्य बघून नवखे ड्रायव्हर हात जोडायचे.

आता तिचा मुख्य कायदा सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. शिशाच्या बॅटरीचं एक दुखणं असतं. ती रिकामी होऊन तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर पांढरा थर चढतो. तो थर एकदा घट्ट झाला की मग बॅटरीला कितीही चार्ज करा, ती घेत नाही. म्हणून शिशाची बॅटरी कधी उपाशी ठेवायची नाही. जरा वापरली की भरा, नाही वापरली तरी अधूनमधून भरा. लालासाबांनी लेकीला हे पहिल्या दिवशी शिकवलं, आणि लेकीच्या स्वभावात ते असं काही मुरलं की बॅटरी आणि माणूस यांत तिनं फरकच ठेवला नाही.

एखादा ड्रायव्हर म्हणायचा, "चाची, गडबड हाय. निम्मीच भरा, निघतो."

"निम्मं जेवान आमच्यात घालत न्हाईत पावणं," ती गरजायची. "बसा खाली. तुमी बी जेवा, तिला बी जेवू द्या."

आणि खरंच त्याच्यापुढं भाकरी आणि कोरड्यास यायचं. नुसतं पाणी घालायला आलेली बॅटरीसुद्धा ती न विचारता चार्जिंगला लावायची. पाहुण्याचा हात धरून पानावर बसवण्यात आम्ही कोल्हापूरकर आधीच बदनाम आहोत, पण बॅटरीवर आग्रह करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती. तिच्या हातची बॅटरी इतरांपेक्षा वर्ष-दीड वर्ष जास्त टिकायची.

तिला दोन मुलं. थोरला गैबी माझा शाळेपासूनचा मित्र, धाकटी रशिदा. गैबी एसी दुरुस्तीचं काम शिकून कुवेतला गेला. पंच्याऐंशी साली सुटीवर आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी व्हिडिओ कॅमेरा आणला. खांद्यावर ठेवायचा, जपानी. त्या काळी आमच्या पेठेत असा कॅमेरा कुणाकडे नव्हता. माझी कॉलर एवढी ताठ झाली की मान वळेना.

कॅमेऱ्याबरोबर दोन बॅटऱ्या आणि एक छोटा चार्जर होता. खरं तर चार्जर माझ्या स्टुडिओतल्या कुठल्याही प्लगला लागला असता. पण पेठेत बॅटरी म्हटली की ती सुलतानबीकडे जाते. ती तिच्याकडे न देणं म्हणजे भावकीत लग्न काढून तिला आमंत्रण न देण्यासारखं झालं असतं. शिवाय मी आळशी. दोन्ही बॅटऱ्या तिच्या फळीवर नेऊन ठेवल्या.

तिनं एक उचलली. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढी ती. इकडून तिकडून फिरवून बघितली.

"हिचं तोंड कुठाय रं?"

"तोंड नसतं चाची. बंद असते. निकेल-कॅडमियमची आहे, आत ॲसिड नाही, पाणी घालायचं नाही."

"तोंड शिवलेली बॅटरी!" ती मौलाकडे वळून म्हणाली. "बघा जी. हिला काय होतंय, काय न्हाय, कसं कळायचं?"

पिचकारी खिळ्याला टांगून राहिली. तिची अर्धी विद्या त्या पिचकारीत होती, त्यामुळे ती जरा हिरमुसली. पण कुतूहल दांडगं. तिनं ट्रॅक्टरचा एक छोटा बल्ब आणला, एका तारेनं शिशाच्या जुन्या बॅटरीला जोडला, तसाच दुसरा निकेलच्या बॅटरीला जोडला आणि समोर बसली. शिशाची बॅटरी संपत येताना सांगून संपते. उजेड आधी पांढरा, मग पिवळा, मग तांबूस, हळूहळू उतरत जातो. निकेलच्या बॅटरीचा दिवा मात्र सुरुवातीला होता तसाच एकसारखा राहिला. ती तो पार विझेपर्यंत थांबली नाही. थोडा वेळ बघून घाईघाईनं तार काढली आणि बॅटरी चार्जरला लावली, कारण तिच्या मते बिचारी दमली होती.

"हलकी हाय, उजेड एकसारखा देती," तिनं निकाल दिला. "पन हिच्यानं ट्रक चालू हुईल काय?"

"नाही."

"मग कामाची हाय, पन बॅटरी न्हवं."

परत जाताना गैबी मला स्टँडवर बाजूला घेऊन म्हणाला, "नरसू, रशिदाचं जमत आलंय. हुपरीचं स्थळ हाय, चांदीचं काम करत्यात. लग्न ठरलं तर मला सुटी मिळायची न्हाय. तू समदं कॅमेऱ्यात घ्यायचं. मला तिथं बसून बघाय मिळालं पायजे. मधीच बंद पाडायचं न्हाय."

मी छाती ठोकून हो म्हणालो.

शहाऐंशीचा वैशाख आला. त्या वर्षी रमजानही ऐन उन्हाळ्यात आला होता. रशिदाचं लग्न ईद झाल्यावर त्याच आठवड्यात धरलं होतं. मी मात्र त्याआधीच लग्नाच्या हंगामात फिरत होतो. हळदीची दहा-पंधरा मिनिटं घ्यायची, अक्षता घ्यायच्या, जेवणावळीत थोडं फिरायचं, झालं. बॅटरी निम्मीसुद्धा संपायची नाही. परत आलो की सुलतानबी दारातच हात पुढं करायची. "आन हिकडं. किती दमलीया ती!" आणि लगेच चार्जिंगला. काही दिवस तर मी कॅमेरा उघडलाही नव्हता, तरी तिनं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बॅटऱ्यांना खाऊ घातलं होतं.

पहिल्यांदा घोटाळा झाला तो एका कार्यालयात. भटजी "शुभमंगल साव—" पर्यंत आले आणि माझ्या डोळ्यापुढचं चित्र गप्पकन गेलं. दुसरी बॅटरी घातली. तीही थोडा वेळ चालून बसली. नवरा-नवरीनं हार घातले ते सगळ्या वऱ्हाडानं बघितले, कॅमेऱ्यानं नाही. मुलीच्या बापाचं तोंड बघून मी शेवटी जेवणानंतर दोघांना पुन्हा उभं केलं आणि पुन्हा हार घालायला लावले. तोवर नवरदेवाच्या तोंडात पान होतं. त्या कॅसेटमध्ये तो लाल दातांनी लग्न लावून घेताना दिसतो.

सुलतानबीला सांगितलं तर ती म्हणाली, "भूक लागली असंल. अजून घालतो." आणि चार्जर रिकामा ठेवेचना. बॅटऱ्या हाताला कोमट लागायच्या. जितकं जास्त घालावं तितकी ती कमी चालायला लागली. सुरुवातीला तासभर सहज चालणारी बॅटरी आता पंगतीतला पहिला भात वाढून होईपर्यंतही टिकेना.

एरवी तिच्याशी थट्टा करायला मला काही वाटत नसे. पण एका दुपारी ती घोंगडी सोडून फळीपाशी नुसती बसलेली दिसली. रोज्याचे दिवस, ऊन मी म्हणत होतं, ओठ सुकलेले.

"नरसू, माझ्याच हातानं बिघडली काय रं?" ती म्हणाली. आवाज एवढा खाली मी कधी ऐकला नव्हता. "पोराला सांगितलंय, भनीचं लगीन सगळं दिसंल म्हनून. अर्ध्यातच बंद पडलं तर त्यानं तिथं परक्या मुलकात काय बघायचं?"

मी म्हणालो, "तार लावून प्लगवर चालवतो." पण आम्हा दोघांनाही माहीत होतं की ते जमणार नाही. निकाह मशिदीत, जेवण मांडवात, आणि मुलीची पाठवणी रस्त्यावर. तार कुठवर ओढणार, आणि ऐन वेळी लाईट गेली म्हणजे? नव्या बॅटऱ्या मुंबईहून मागवायच्या तर तोवर लग्न होऊन जायचं. मला त्या वेळी तिचं वाईट वाटलं, आणि माझी स्वतःची धास्तीही कमी नव्हती. गैबीपुढं छाती ठोकणारा मीच होतो.

त्याच आठवड्यात हातकणंगल्याला एक लग्न होतं. दिवेलागणीला पंगत बसली आणि वीज गेली. अंधारात आमटी पानाऐवजी पाहुण्यांच्या मांडीवर पडायला लागली. मुलीचा मामा माझ्या कॅमेऱ्याकडे बघून ओरडला, "अवो पावणं, तुमच्याकडं बॅटरी हाय न्हवं? मग बसलाय काय?" एकानं ट्रॅक्टरचा बल्ब काढून आणला. माझी बॅटरी आमटीच्या पातेल्यावर बांबूला टांगली गेली. उजेड लख्ख पडला. लोक जेवले, दुसरी पंगत बसली, मीही जेवलो, आणि बॅटरीची आठवण मला मठ्ठ्याच्या दुसऱ्या वाटीनंतर आली. तोवर बल्ब विझला होता. बॅटरी पार निकामी झाल्यासारखी पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सुलतानबीच्या हातात दिली आणि दोन पावलं मागं सरकलो. ती अख्ख्या पेठेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली.

"आमटीवर टांगलीस? पार उपाशी मारलीस? आरं, माणूस हायस का कोन! तुझ्या आईनं तुला असं ठेवलं असतं तर?"

माझी आई माई समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान डोलावून सुलतानबीला दुजोरा दिला. स्वतःची आईसुद्धा आपल्या बाजूची नसते, हे त्या दिवशी कळलं.

तरीही सुलतानबीनं ती बॅटरी चार्जिंगला लावलीच. उपाशी आलेल्याला तिनं जेवू घातलं नसतं तर सूर्य रंकाळ्यात उगवला असता. आणि दुसऱ्या दिवशी त्याच बॅटरीवर मी एका साखरपुड्याला गेलो. बॅटरी चालू राहिली. टिळा झाला, साखर वाटून झाली, लोक उठले, आणि तरीही चालूच. मी परत येताना रस्त्यातूनच ओरडत आलो.

तिचा विश्वास बसेना. तिनं दोन्ही बॅटऱ्या, रोज जेवलेली आणि आमटीवर टांगलेली, सारख्याच बल्बांना लावल्या. जेवलेली लवकरच विझली. टांगलेली जळत राहिली, चहाची वेळ होऊन गेली तरी जळत राहिली. सुलतानबी कमरेवर हात ठेवून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. इतकी वर्षं लाडानं वाढवलेलं पोर नापास व्हावं आणि उनाडक्या करणारं पास व्हावं, तसं काहीसं तिचं झालं होतं.

नेमका त्या वेळी कृष्णात आपल्या मालकाच्या गाडीची बॅटरी घेऊन आला. तो आमच्याच पेठेतला, चित्रपटांच्या शूटिंगला कॅमेऱ्याचा मदतनीस म्हणून जायचा. दोन बल्ब बघून हसला.

"चाची, ह्या निकेलच्या हाईत न्हवं? ह्यांस्नी सवय लागती. रोज निम्म्यावरनं परत भरलं की हिला वाटतंय, आपलं पोट एवढंच. मग ती निम्म्यावरच थांबती. आमचं साहेब त्येला मेमरी म्हनत्यात."

"म्हंजे आठवन ठेवती?"

"व्हय. नको ती आठवन ठेवती. पार रिकामी करून मग पूर्ण भरायची, असं तीन-चारदा केलं की इसरती. पन बल्ब एकदम बारीक लाल झाला की काढायचा. तसाच लावून ठिवला तर आतला एखादा सेल उलटा पडतोय."

"आनि शिशाची असली रिकामी केली तर?"

"ती मरंल की."

सुलतानबीनं दोन्ही बल्बांकडे पुन्हा बघितलं. मौला खुर्चीतून, बोटं जपत, म्हणाला, "एकीला उपास घडला की मरन, दुसरीला जेवान घातलं की आजार. आमच्या बँडातबी अशीच मानसं हाईत."

आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"म्हंजे रोजा की वं!" ती म्हणाली. "हिनं रोजा धरायला पायजे. भूक पुरी लागल्याबिगर खायाचं न्हाय, आनि सोडल्यावर पोटभर खायाचं. आनि शिशाची म्हातारी, आजारी. तिला रोजा माफ हाय. तिला जवा पायजे तवा द्यायचं."

एवढं नीट मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. नंतर मी कॅमेऱ्याचं इंग्रजी माहितीपत्रक शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात हेच सगळं होतं, पण वाचून मला झोप आली.

त्या दिवसापासून ईदपर्यंत दोन्ही बॅटऱ्यांचे रोजे सुरू झाले. पण सांगणं सोपं आणि करणं अवघड. बॅटरी बल्बाला लावलेली, हळूहळू रिकामी होते आहे, आणि शेजारी चार्जर मोकळा पडलेला, हे सुलतानबीला सहन व्हायचं नाही. ती स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब न घेता ट्रकच्या बॅटऱ्या उचलायची, त्याचं तिला काही नाही. मी एकदा अचानक दुकानात शिरलो तर ती अर्धवट रिकामी बॅटरी चार्जरला लावताना सापडली.

"चाची!"

"वाईच. दोनच मिंटं," ती चोरासारखी म्हणाली. "लई बारीक तोंड केलंय तिनं."

"तिचं तोंड शिवलंय, तूच म्हणालीस."

तिनं मुकाट्यानं काढली. मग ती बल्बाकडे पाठ करून बसायला लागली आणि लाल झाल्याचं सांगायचं काम मौलावर टाकलं. ते त्यानं आनंदानं केलं, कारण त्यात बोटं लागत नव्हती. एकदा बल्ब लाल व्हायला आणि मगरिबची, रोजा सोडायची बांग व्हायला एकच गाठ पडली. सुलतानबीनं खजूर तोंडात टाकला आणि त्याच हातानं चार्जरचं बटण दाबलं. मौला म्हणाला, "तिला बी एक खजूर दे." दुकानातले सगळे हसले, तीही हसली, आणि बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज पुन्हा रस्त्यापर्यंत पोचला.

एक बॅटरी पूर्ववत झाली. दुसरी बरीच सुधारली, पण पहिल्यासारखी झाली नाही. "तिच्यावर माझी माया जास्त झालेली," सुलतानबी म्हणाली. लग्नात कुठली कधी वापरायची याचा बेत आम्ही तिघांनी बसून केला. निकाह आणि जेवण दुसरीवर, आणि पाठवणी चांगलीवर.

लग्नाच्या दिवशी मी जेवढा घाबरलो तेवढा माझ्या लग्नात घाबरलो नव्हतो. हुपरीहून वऱ्हाड दोन बस भरून आलं. निकाह झाला, खारका उधळल्या गेल्या, मौलाच्या बँडवाल्यांनी आपल्याच माणसाच्या मुलीचं लग्न म्हणून छाती फुटेपर्यंत वाजवलं. जेवणावळीच्या शेवटी शेवटी दुसरी बॅटरी गेली. ते ठरलेलंच होतं. मी चांगली घातली. सुलतानबी मांडवात इकडून तिकडे ओरडत फिरत होती, "वाढा, वाढा, त्या पावण्यांचं ताट रिकामं दिसतंय!" तिच्या अंगावर नवी साडी होती आणि घोंगडी नव्हती, त्यामुळे क्षणभर मला ती ओळखूच आली नाही.

पाठवणीला रशिदा आईच्या गळ्यात पडली तेव्हा माझं निम्मं लक्ष बॅटरीत होतं. निकेलची बॅटरी आधी काही सांगत नाही, शेवटपर्यंत हसतमुख असते आणि मग एकदम जाते. आता गेली तर? मौला आपल्या क्लॅरनेटवर काहीतरी वाजवायला गेला आणि त्याला फुंकरच मारता येईना, तेही कॅमेऱ्यात आलं. गाडी हलली, रशिदाचा हात खिडकीतून दिसत होता, गाडी कोपऱ्यावर वळली. सगळं आलं. एक क्षण चुकला नाही.

मी मांडवात येऊन घामाघूम बसलो. बॅटरी अजून शिल्लक होती. सुलतानबीचा हुकूम पक्का होता, रिकामी झाल्याशिवाय दुकानात आणायची नाही. कॅसेटही थोडी उरलेली होती, आणि टेप फिरत नसली की तो कॅमेरा आपोआप बंद पडायचा. म्हणून मी कॅमेरा एका खुर्चीवर ठेवला, टेप फिरतीच ठेवली, आणि मागं जाऊन आडवा झालो. उठलो तेव्हा बॅटरी संपली होती. कॅसेट गुंडाळली आणि आठवड्याभरात कुवेतला निघालेल्या एकाच्या हाती पाठवून दिली.

गैबी पुढच्या वर्षी सुटीवर आला. सुलतानबीच्या घरी आम्ही दोघं चटईवर बसलो. मी वाट बघत होतो कौतुकाची. पाठवणी कशी घेतली, एवढ्या गर्दीतही चित्र कसं हललं नाही, हे सगळं सांगायची माझी तयारी होती.

"लगीन झकास घेतलंस," गैबी म्हणाला. "एकदा बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. शेवटचं मात्र मी एकट्यानं लई वेळा बघितलं."

"पाठवणी?"

"न्हाय, त्याच्या फुडचं. मांडव रिकामा हाय. आई एका पालथ्या पातेल्यावर बसलीया. अब्बा ताट घिऊन येतोय, बिर्यानीच्या डेगेतलं खरवडून आणलेलं. ती म्हनतीया, नंतर. त्यो म्हनतोय, समदी गेली, आता कुनाची वाट बघतीस, खा. मग ती खातीया. रडतीया आनि खातीया."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी मागं झोपलो होतो.

गैबी चटईची काडी मोडत होता. "नरसू, मी आईला जेवताना कवा बघितलंच न्हवतं रं. आमी जेवायचो, ती वाढायची. आमी उठलो की भांडी घिऊन आत. कवा जेवायची, काय जेवायची, मला ठावं न्हाय. कुवेतला पडद्यावर पयल्यांदा बघितलं. आनि दोन-चार घास झालं की पडदा काळा. ती पोटभर जेवली का न्हाय, ते मला कळंना."

तेवढ्यात सुलतानबी दोन ताटं घेऊन बाहेर आली. तांबडा रस्सा, भाकरी, कांदा. "गप्पा नंतर. जेवा आदी."

गैबीनं तिच्या हातातलं एक ताट घेतलं आणि खाली ठेवलं. मग तिचा हात धरून तिला ताटापुढं बसवलं.

"आज तू आदी."

"खुळा झालास काय रं?" ती ओरडली. "तू वर्सानं आलायस, पावणा तू का मी?"

"तूच. बस."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिची बाजू घेतली नाही. तिनं आणखी थोडी आरडाओरड केली, मग पदर तोंडापुढं ओढून ती ताटासकट भिंतीकडे वळली. गैबी उठला, आणि भिंत आणि ताट यांच्यामधल्या हातभर जागेत मांडी घालून बसला. तेव्हा तिनं भाकरी मोडली, आणि ताट रिकामं होईपर्यंत आम्ही दोघंही जागचे हललो नाही.